मेल सर्व्हर नव्या मशीनवर : नियोजनाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

अखेर होकार मिळाला. जुना मेल सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर आहे आणि त्याचा आधार ३० जून २०२४ लाच संपलाय. म्हणजे चौदा महिने एकही सुरक्षा पॅच न मिळालेलं मशीन इंटरनेटकडे तोंड करून बसलंय. हे मी वर्षभर सांगतोय. गेल्या आठवड्यात त्याची एक डिस्क गेली तेव्हा कुठे ते ऐकू आलं.

आत्ता हाताशी असलेलं: पोस्टफिक्स २.१० (मेलची ने-आण करणारा), डवकॉट २.२ (मेलबॉक्स सांभाळून लोकांना मेल दाखवणारा), १४३ मेलबॉक्स, सगळं मेलडिर पद्धतीने साठवलेलं, एकूण ४१० जीबी. फिल्टर आणि सुट्टीची उत्तरं सिव्ह या नियमांच्या भाषेत. आधीच्या माणसाने मागे ठेवलेलं दस्तऐवजीकरण म्हणजे कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलींमधल्या) कॉमेंट्स. त्यातली एक अशी: 'हे का आहे माहीत नाही, काढू नये.'

या सर्व्हरवर काय काय अवलंबून आहे, याची यादी आठवून लिहिली. ९ गोष्टी झाल्या. कागद बाजूला ठेवतोय. सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहून झाल्यावर ताडून बघेन.

३ सप्टेंबर, बुधवार

नव्या मशीनवर लिनक्स घ्यायचं ते डेबियन १२ की १३, यावर सकाळ गेली. १२ म्हणजे ओळखीचा रस्ता: डवकॉट २.३, जुनं कॉन्फिग थोड्या डागडुजीवर चाललं असतं. पण त्याचा मुख्य आधार २०२६ च्या जूनपर्यंत, पुढे एलटीएस, म्हणजे लांबवलेला मर्यादित आधार. १३ आत्ता ऑगस्टमध्ये आलंय, त्यात डवकॉट २.४ आहे आणि २.४ जुनं कॉन्फिग वाचतच नाही. फाइलच्या पहिल्याच ओळीत कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते, ती नसेल तर सुरूच होत नाही. मेल लोकेशन ही एक सेटिंग होती, तिचे तुकडे झाले: ड्रायव्हर वेगळा, पाथ वेगळा. प्रमाणपत्राच्या सेटिंगचं नावही बदललं. टक्का-यू, टक्का-डी वगैरे एका अक्षराची व्हेरिएबल गेली, आता महिरपी कंसात पूर्ण नाव.

तरी १३ घेतोय. कॉन्फिग कधीतरी नव्याने लिहावंच लागणार आहे. १२ वर जाऊन दोन वर्षांनी तेच काम करायचं, आणि तेही तेव्हा मी इथे असेन की नाही ते माहीत नसताना, यात अर्थ नाही. जुन्या फाइलमधल्या अर्ध्या ओळी का आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. एकेक ओळ नव्याने लिहिताना तिला निदान विचारता तरी येईल, बाई तू कोण.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लॉग उपसले. पहिली निराशा: लॉग चारच आठवड्यांचे निघाले. जुने लॉग फिरवून काढणाऱ्या लॉगरोटेटचं मूळ सेटिंग तेच असतं, दर आठवड्याला फिरव आणि चार ठेव, आणि ते कोणी बदललेलं नाही. म्हणजे महिन्यातून एकदा चालणारं काम दिसेल, तीन महिन्यांतून एकदा चालणारं दिसणार नाही. आजच ते ५२ करून ठेवलं. उशिरा सुचलेलं शहाणपण.

जे आहे त्यातून सर्व्हरशी बोलणारे सगळे आतले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) काढले, प्रत्येकासमोर मेलची संख्या टाकली. ३१ आयपी. माझ्या यादीत ९ गोष्टी होत्या. उरलेल्या २२ पैकी १४ लोकांचे संगणक निघाले, ते थेट पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या दारावर, मेल टाकतात. कधीतरी कोणीतरी तसं सेट करून दिलं असणार. त्यांना ५८७ वर, म्हणजे लोकांनी पासवर्ड देऊन मेल टाकायच्या दारावर, आणता येईल. बाकीचे ८ म्हणजे यंत्रं. तीन स्कॅनर, हजेरीचं मशीन, एक जुना अहवाल सर्व्हर, दोन नेटवर्क स्विच. आठव्याचा पत्ता लागत नाही. रोज रात्री २:४० ला एक मेल, पासवर्ड नाही, टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) नाही, आकार दीड केबीच्या आसपास. नेटवर्क सांभाळणारा सहकारी म्हणतो, या आयपीवर त्याच्या नोंदीप्रमाणे काहीच नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

अकाउंट्सच्या मॅडमना विचारलं, तिमाहीला सर्व्हरवरून काही आपोआप जातं का. आधी नाही म्हणाल्या. अर्ध्या तासाने स्वतःच आल्या: "ती थकबाकीची पत्रं जातात ना तिमाही संपली की, ती तुम्ही पाठवत नाही का?" मी पाठवत नाही. शोधलं तर जुन्या मेल सर्व्हरवरच एका क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) स्क्रिप्ट सापडली. तीन महिन्यांतून एकदा जागी होते, डेटाबेसमधून यादी घेते आणि दोनशेवर ग्राहकांना पत्र धाडते. मशीन बंद केलं असतं तर ही स्क्रिप्ट त्याच्याबरोबर गेली असती आणि कळलं असतं जानेवारीत.

तिची पुढची फेरी ३० सप्टेंबरला. त्यामुळे प्रत्यक्ष बदल त्यानंतरच. ११ ऑक्टोबर, शनिवार रात्र, अशी तारीख पेन्सिलने लिहिली.

९ सप्टेंबर, मंगळवार

२:४० वाला सापडला. स्विचच्या टेबलमधून त्या आयपीचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, काढला. पत्त्याचे पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ती निघाली यूपीएस बनवणारी. सर्व्हर खोलीतल्या यूपीएसच्या मागे नेटवर्क कार्ड आहे, त्याला कोणीतरी मेल पाठवायला शिकवून ठेवलंय. मेल जातो एका एलियासला (दुसरीकडे वळवणाऱ्या पत्त्याला), एलियास जातो नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या मेलबॉक्सला. लॉगइन बंद केलेलं, पेटी उघडीच. आत सव्वातेरा महिन्यांचे मेल, सगळ्यांचा विषय एकच: बॅटरी बदला.

आणि आपण डिस्क कशी गेली याचा विचार करत होतो. दोन्हींचा संबंध आहेच असं म्हणत नाही. पण नव्या बॅटरीची मागणी आजच टाकली. एलियास आता माझ्याकडे वळवलाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

आयपी नवा घ्यायचा की जुनाच ठेवायचा. माझी योजना नव्याची होती: नवं मशीन शेजारी उभं करायचं, आधी डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीचा, टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो काळ) ८६,४०० वरून ३०० सेकंदांवर आणायचा, मग रेकॉर्ड बदलायचं. त्यावर मी दोन पानं लिहूनही ठेवली होती. नेटवर्कवाल्या सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: "स्कॅनरमध्ये सर्व्हरचं नाव टाकलंय की आयपी?" तिन्हींत आयपी. हजेरीच्या मशीनमध्येही आयपी. यूपीएसमध्ये तर विचारायलाच नको.

शिवाय नवा बाहेरचा आयपी म्हणजे अनोळखी पाहुणा. मोठ्या मेल सेवा अशा पत्त्याकडे आधी संशयाने बघतात, हळूहळू विश्वास ठेवतात. जुन्या पत्त्याची पत इतक्या वर्षांत जमलेली आहे, आयपीवरून नाव सांगणारा उलटा रेकॉर्ड म्हणजे पीटीआर बरोबर आहे, एसपीएफमध्ये (आपला मेल कोणत्या पत्त्यांवरून जाऊ शकतो त्या जाहीर यादीत) तोच आहे. ते सगळं सोडून कशासाठी जायचं?

ठरलं: आतला आणि बाहेरचा, दोन्ही पत्ते नव्या मशीनला द्यायचे. कटओव्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष बदलाच्या, वेळी जुन्याची केबल काढायची, नव्याला पत्ता लावायचा, राउटरला नवा मॅक पत्ता कळतोय ना ते बघायचं. माझी दोन पानं फाडली. टीटीएल तरी ३०० करून ठेवतो, अडीअडचणीला असू दे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस यूआयडीचा. हे इथे सविस्तर लिहून ठेवतोय, कारण वरवर पाहता क्षुल्लक आणि चुकलं तर सोमवारी सकाळी सगळं कार्यालय माझ्या टेबलापाशी.

मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही एक फाइल. वाचला, उत्तर दिलं, तारांकित केला, हे सगळं फाइलच्या नावाच्या शेपटीत लिहिलेलं असतं. त्यामुळे फाइली जशाच्या तशा नेल्या की मेल आले आणि त्यांच्या खुणाही आल्या. पण आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) वापरणारा प्रोग्राम फाइलचं नाव बघत नाही. तो बघतो यूआयडी, म्हणजे फोल्डरमधला अनुक्रमांक, आणि यूआयडीव्हॅलिडिटी, म्हणजे ते अनुक्रमांक कोणत्या वहीतले आहेत त्याची खूण. वही बदलली असं दिसलं की तो आपली साठवलेली प्रत फेकून देतो आणि सगळं पुन्हा उतरवायला घेतो. १४३ जण, ४१० जीबी, एकाच सकाळी.

ही वही म्हणजे प्रत्येक फोल्डरमधली डवकॉट-यूआयडीलिस्ट नावाची फाइल. ती आरसिंक या फाइलींची प्रत नेणाऱ्या साधनाने मेलबरोबरच गेली पाहिजे. कीवर्ड्सची फाइलही हवी, नाहीतर लोकांनी लावलेली रंगीत लेबलं जातात. इंडेक्स मात्र नकोत, डवकॉट ते नव्याने बांधतो आणि २.२ चे इंडेक्स २.४ च्या गळ्यात मारण्यात फायदा काही नाही. आयमॅपसिंकसारखं साधन वापरायचा मोह झाला होता, पण ते मेल नव्याने टाकतं आणि यूआयडी नवे पडतात. बाद.

पॉपवाले, म्हणजे मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणारे, अजून ६ जण आहेत. त्यांची गोष्ट आणखी नाजूक. पॉपमध्ये प्रत्येक मेलला यूआयडीएल नावाची ओळख असते, ती कशी बनवायची ते कॉन्फिगमध्ये ठरतं. डवकॉटची मूळ पद्धत वेगळी. आपल्याकडे मात्र आधी यूआयडीव्हॅलिडिटी, मग टिंब, मग यूआयडी अशी लिहिलेली आहे. 'हे का आहे माहीत नाही, काढू नये' ही कॉमेंट नेमकी याच ओळीवर होती! आता कळलं का आहे ते. याच्याही आधीचा सर्व्हर ओळख तशी बनवायचा, त्या वेळच्या माणसाने ती जपली. मी ओळ गाळली असती तर सहा जणांना दहा-दहा वर्षांचे मेल दुसऱ्यांदा नवे म्हणून आले असते. त्या माणसाला मनात नमस्कार केला. कॉमेंट बदलून नीट लिहिली.

१७ सप्टेंबर, बुधवार

पहिली रंगीत तालीम, फक्त प्रतीची. आरसिंकची पहिली फेरी १३ तास ४० मिनिटं. दुसरी फेरी, जिच्यात फक्त दिवसभराचा फरक, ५२ मिनिटं. फरक थोडाच होता. वेळ गेला ३० लाख फाइलींची नावं ताडून बघण्यात. फाइलींच्या मालकाचा क्रमांक दोन्हीकडे वेगळा होता, तो अंकांवरूनच जुळवला.

माझी चूक: मी फक्त मेलचे फोल्डर नेले. सिव्हचे फिल्टर आणि सुट्टीच्या उत्तराची नोंद लोकांच्या होम फोल्डरमध्ये असते. कोणाला उत्तर देऊन झालं याची यादी तिथल्या एका लपलेल्या फाइलीत राहते. ती गेली नाही तर रजेवर असलेल्यांच्या नावाने सर्व्हर सगळ्यांना तेच उत्तर पुन्हा पाठवतो. यादीत घातलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लॉगइनची चाचणी. १४३ पैकी ११ खात्यांना नव्या सर्व्हरने नकार दिला. सगळी जुनी, पासवर्ड एमडी५-क्रिप्ट या जुन्या हॅशमध्ये (पासवर्ड झाकून ठेवायच्या पद्धतीत) साठवलेले. २.४ दुबळे हॅश मुळात चालवत नाही, हवेच असतील तर वेगळी मुभा द्यावी लागते. मुभा देत नाही. अकरा जणांना पासवर्ड बदलायला सांगणं सोपं आहे. अकरांतले एक आमचे साहेब.

टीएलएस १.० आणि १.१ नव्या मशीनवर बंद, तेही तसंच ठेवणार. दोन्ही २०२१ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघालीत. अडचण दोन स्कॅनरची, त्यांना १.० च्या पुढचं येत नाही. संपूर्ण सर्व्हरची पातळी दोन स्कॅनरसाठी उतरवायची नाही. पोस्टफिक्समध्ये आतल्या जाळ्यापुरती वेगळी खिडकी उघडतोय: टीएलएसविना, मोजक्या ८ आयपींना, आणि तिथून फक्त आपल्याच पत्त्यांवर मेल जाईल. स्कॅनरवरून थेट ग्राहकाला पाठवणारे दोघे-तिघे कुरकुरतील. कुरकुरू देत.

२२ सप्टेंबर, सोमवार

तात्पुरत्या उपनावावर बाहेरून मेल घेऊन पाहिले. एकूण एक नाकारले. कारण: पाठवणारा काळ्या यादीत. दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाठवले, दहाही काळ्या यादीत? तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी तासभर फायरवॉलमध्ये घालवला.

झालं असं: नव्या मशीनवर मी घाईत डीएनएससाठी सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा) टाकला होता. काळ्या यादीवाला स्पॅमहाऊस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाही, चौकशी चुकीच्या वाटेने आली असा इशारा म्हणून १२७.२५५.२५५.२५४ हा आकडा पाठवतो. आणि माझ्या नियमात 'काहीही उत्तर आलं तर नाकार' असं होतं. दोन दुरुस्त्या: मशीनवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, आणि नियमात फक्त १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं धरली. नंतर दहाही आले.

हे खऱ्या रात्री झालं असतं तर पाठवणाऱ्यांना कायमचा नकार गेला असता. म्हणून पहिले दोन दिवस सॉफ्ट बाउन्स चालू ठेवणार. त्याने पोस्टफिक्सचा कायमचा नकारही 'नंतर या' असा जातो आणि मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत टिकतो. एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या, मानकात निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं असं म्हटलंय, त्यामुळे आपल्या दोन-तीन तासांच्या बंद काळाची मला फारशी काळजी नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

बैठक. साहेबांचा प्रश्न: "नाही जमलं तर परत जुन्यावर येता येईल ना?" मी हो म्हणालो आणि जागेवर परत येईपर्यंत ते हो मला टोचायला लागलं.

पत्ता उलटा फिरवायला पाच मिनिटं. पण नव्या सर्व्हरने एक मेल जरी घेतला असेल तरी तो जुन्यावर नाही. रविवारभर चाललं आणि सोमवारी दुपारी परत फिरायचं ठरलं, तर दीड दिवसाचे मेल नव्या मशीनवर अडकणार. माझ्या योजनेत या मुद्द्यासमोर 'रोलबॅक : आयपी परत' एवढंच होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

परतीची वाट सापडली, मेलडिरनेच दिली. मेलच्या फाइलचं नाव सुरू होतं तेच मुळी तो आला त्या सेकंदाच्या आकड्याने, १९७० पासून मोजलेल्या. आत्ताच्या फाइली १७५८ ने सुरू होतात, ११ ऑक्टोबरच्या १७६० ने होतील. म्हणजे कटओव्हरचा सेकंद टिपून ठेवायचा आणि त्याच्यापुढच्या आकड्याच्या फाइली तेवढ्या जुन्या मशीनवर त्याच फोल्डरमध्ये नेऊन टाकायच्या. यूआयडीलिस्टला हात लावायचा नाही, जुना डवकॉट नव्या फाइलींना आपले नंबर देईल.

स्क्रिप्ट ४० ओळींची झाली. चार मेलबॉक्सवर उलटसुलट करून पाहिली. आलेले, पाठवलेले सगळे परत मिळाले. मिळत नाही ते हे: मधल्या काळात पुसलेले जुने मेल पुन्हा दिसतील आणि वाचलेले न वाचलेले होतील. एवढं सोसता येईल. साहेबांना तसं लेखी कळवलं, आणि एक मर्यादाही घातली: मंगळवार सकाळी १० नंतर परत फिरायचं नाही, पुढे जे मोडेल ते नव्यावरच दुरुस्त करायचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

थकबाकीची पत्रं जुन्या सर्व्हरवरून शेवटची गेली. स्क्रिप्ट आता अहवाल सर्व्हरवर हलवली आणि पाठवण्याचा रस्ता बदलला: ५८७, पासवर्डसह, म्हणजे डीकेआयएमची सहीही (मेल खरंच आपल्याकडून आल्याची डिजिटल खूण) त्यांच्यावर होईल. आतापर्यंत ही पत्रं बिनसहीची जात होती. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, तरी ती पोचत होती, ही आयपीच्या जुन्या पुण्याईची कमाई.

डीकेआयएमची नवी २,०४८ बिटची किल्ली डीएनएसमध्ये टाकली. एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, त्यामुळे दोन तुकडे. नवीन सिलेक्टर (किल्लीचं डीएनएसमधलं नाव) दिलाय, जुना महिनाभर राहू दे. रांगेतल्या मेलवर जुनी सही असू शकते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पूर्ण तालीम, घड्याळ लावून. जुना बंद केला असं मानून शेवटची आरसिंक, पुसलेल्या फाइलींसकट: ४६ मिनिटं. सेवा सुरू, दहा तपासण्या, यूआयडी जुळवणं: २५ मिनिटं. एका मोठ्या मेलबॉक्समध्ये २१ फाइली जास्त निघाल्या. आरसिंक चालू असताना मालक मेल हलवत होता. खऱ्या रात्री जुना डवकॉट आधी बंद असेल, तेव्हा हे होणार नाही. तरी मोजणी ठेवतोय.

टीएलएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेचं आहे, ९० दिवसांचं. नवं आलं की पोस्टफिक्स आणि डवकॉट दोघांनाही ते वाचायला लावणारा हुक बसवला. जुन्यावर हे मी हाताने करायचो.

८ ऑक्टोबर, बुधवार

अकरापैकी दहांनी पासवर्ड बदलले. उरलेले कोण ते लिहीत नाही. बॅटरी आली, बसवली. रात्री २:४० ला मेल आला नाही. लॉगमध्ये ती ओळ नसलेली बघायला मी सकाळी सातला उठलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

योजना पुन्हा वाचताना लक्षात आलं: ही योजना, इंटरनेट सेवावाल्यांचा आणीबाणीचा क्रमांक, डीएनएस पॅनलच्या पासवर्डचं रीसेट, सगळं माझ्या मेलबॉक्समध्ये आहे. उद्या रात्री साडेनऊला मी तोच बंद करणार आहे.

रीसेटचा पत्ता बाहेरच्या खात्यावर वळवला. योजना छापली, सहा पानं, दोन प्रती. क्रमांक वर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिले. एक प्रत सहकाऱ्याकडे, दुसरी सर्व्हर खोलीच्या दाराला आतून चिकटवली. कटओव्हरचा सेकंद टिपायला पहिल्या पानावर रिकामी चौकट ठेवली आहे.